प्रकल्प नोंदी: पी. के. नायर प्रदर्शन, नाशिक

२ फेब्रुवारी

ठरलं एकदाचं. वाचनालयाचा वरचा हॉल, ३ मेला उद्घाटन, विषय पी. के. नायर, पुण्याचं फिल्म अर्काइव्ह म्हणजे सिनेमांचा सरकारी संग्रह उभा करणारे. तारीख मुद्दाम ती घेतली, १९१३ साली ३ मेलाच गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफला राजा हरिश्चंद्र लागला होता. मीटिंगमध्ये निम्म्या लोकांनी विचारलं की नायर कोण, आणि तो प्रश्न मला अगदी रास्त वाटला. फाळके नाशिकमध्ये शाळेतल्या पोरांनाही माहितीयेत, पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक आहे, सहली जातात, पण फाळक्यांचा सिनेमा आज जो काही थोडाफार बघायला मिळतो तो कोणी शोधला, कोणी डब्यात घालून जपला, हे या गावात कुठेही लिहिलेलं नाही. ते लिहायचंय.

पॅनल सनबोर्डवर करायचे, फ्लेक्स नको. मजकूर मी लिहिणार, चित्रं आणि मांडणी आमच्या फिल्म सोसायटीतली दोन पोरं करतील, पैशाचं सेक्रेटरी काका बघतायत.

५ फेब्रुवारी

पहिल्या पॅनलचा मजकूर. जन्म ६ एप्रिल १९३३, तिरुवनंतपुरम. लहानपणी वाळूवर बसून तंबूतले पौराणिक सिनेमे बघायचे आणि तिकिटांचे अर्धे तुकडे जपून ठेवायचे. ही तिकिटांची गोष्ट सगळेच सांगतात तरी ठेवतेय, कारण ती खरी आहे आणि पुढच्या सगळ्या आयुष्याशी जुळते. १९५३ ला सायन्सची पदवी घेतली आणि सिनेमा काढायचा म्हणून मुंबई गाठली. मेहबूब खान, बिमल रॉय, हृषीकेश मुखर्जी यांच्या आसपास राहून काम बघितलं आणि तिथे लक्षात आलं की दिग्दर्शन हा आपला पिंड नाही. माझ्या मते इथे थांबून बघायला पाहिजे, कारण बहुतेक लोक हे कळल्यावर सिनेमाच सोडतात, आणि या माणसाने सिनेमा न सोडता त्यातली अशी जागा शोधली जी तोपर्यंत आपल्या देशात नव्हतीच. फिल्म्स डिव्हिजनच्या जीन भावनगरींच्या सल्ल्याने १९६१ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रिसर्च असिस्टंट म्हणून लागले. इन्स्टिट्यूट म्हणजे जुनं प्रभातचं आवार. फेब्रुवारी १९६४ मध्ये फिल्म अर्काइव्ह सुरू झालं, १९६५ मध्ये नायर सर तिथे असिस्टंट क्युरेटर, १९८२ ला डायरेक्टर, १९९१ ला रिटायर.

नोकरीचा आलेख इतकाच. या आलेखावरून काहीच कळत नाही, म्हणून तो एका पट्टीत घ्यायचा आणि पुढचे सगळे पॅनल फिल्मच्या डब्यांवर, म्हणजे त्यांनी मिळवलेल्या सिनेमांवर.

९ फेब्रुवारी

मीटिंग लांबली. दोघातिघांचं म्हणणं असं की लोक यायला हवे असतील तर मोठे नटनट्यांचे फोटो लावा, अछूत कन्या लावा, किस्मत लावा, नायर यांनी वाचवलेले गाजलेले सिनेमे एवढंच दाखवा. मला त्यांची काळजी समजते, हॉल रिकामा राहिला तर वाईट वाटेलच. पण बारा हजारांच्या आसपास सिनेमे त्यांच्या काळात जमा झाले, त्यातले आठ हजार भारतीय, आणि त्यातून नावाजलेले पंधरा उचलून भिंतीवर लावले तर आपण नेमकं त्यांच्या कामाच्या उलट वागतो. त्यांनी निवड करत बसणं टाळलं. स्टंटपट, पडलेले सिनेमे, ज्याचं नावही कोणी घेत नाही असे सिनेमे, सगळं घेतलं. शेवटी तोडगा निघाला की अछूत कन्या, किस्मत काढणाऱ्या बॉम्बे टॉकीजचा एक पॅनल ठेवायचा, तिथेच जीवन नैया, कंगन, बंधन पण येतील, आणि बाकी मी म्हणते तसं.

१६ फेब्रुवारी

आज फाळक्यांची पुण्यतिथी, १९४४ ला इथेच नाशिकमध्ये गेले. सकाळी स्मारकावर जाऊन आलो आणि दिवसभर फाळके पॅनलवरच काम केलं.

नायर सर नाशिकला येऊन फाळक्यांच्या घरच्यांना भेटले आणि रिळं मिळवली, हा आमच्या प्रदर्शनाचा गाभा. कालिया मर्दन, १९१९ चा, तो त्यांच्यामुळे बऱ्यापैकी अखंड आहे. कृष्णाचं काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलं, आणि सुरुवातीला कथा सुरू व्हायच्या आधी तिच्या चेहऱ्यावरचे हावभाव नुसते ओळीने दाखवलेत, ते बघताना आजही अंगावर काटा येतो, शंभर वर्षांपूर्वीची सात वर्षांची मुलगी थेट आपल्याकडे बघते. राजा हरिश्चंद्रची चार रिळं होती, त्यातलं पहिलं आणि शेवटचं पुण्यात आहे. काही अभ्यासकांच्या मते ही १९१३ ची नाहीतच, फाळक्यांनी १९१७ ला तोच विषय परत केला त्यातली आहेत. हे पॅनलवर स्पष्ट लिहायचं. सेक्रेटरी काका म्हणाले लोकांचा हिरमोड होईल, पण मला वाटतं लोकांना खरं सांगितलं की त्यांचा रस वाढतो.

संध्याकाळी वेगाचा हिशोब केला तो भारी निघाला. ३५ एमएमला एका फुटात १६ फ्रेम असतात. मूकपट साधारण सेकंदाला १६ फ्रेमच्या आसपास फिरवायचे, म्हणजे एक फूट एक सेकंद. राजा हरिश्चंद्र ३,७०० फूट, म्हणजे तासाभराचा सिनेमा. तोच बोलपटाच्या २४ फ्रेमच्या वेगाने चालवला की ४१ मिनिटांत संपतो आणि माणसं टुणटुण पळताना दिसतात, आणि मग आपण म्हणतो जुने सिनेमे कसे गमतीदार. ती गंमत त्या लोकांनी केलेली नाही, चुकीच्या वेगाने आपण केलीये. याचा वेगळा छोटा पॅनल. मुलांना आवडेल.

२३ फेब्रुवारी

न सापडलेल्या सिनेमांचा पॅनल. लिहायला सगळ्यात जड गेला.

भारतात हजारावर मूकपट बनले आणि आज पूर्ण, अर्धे, तुकडे असं सगळं मिळून जेमतेम पंचवीस-तीस हाताला लागतात. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा सावकारी पाश गेला, आपल्याकडे आहे तो १९३६ चा बोलपट. आलम आरा, १९३१, आपला पहिला बोलपट, तोही गेला. नायर सर तो काढणाऱ्या अर्देशीर इराणींना भेटले होते, म्हातारपणी त्यांना वाटत होतं की दोनतीन रिळं ऑफिसात कुठेतरी पडलेली असतील, आणि मग बाहेर पडताना त्यांच्या मुलाने सांगितलं की ती रिळं त्यानेच चांदी काढून निकालात काढली.

चांदी का, तर ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरचं चित्रच मुळात चांदीच्या कणांचं असतं. सिनेमा उतरला की प्रिंटला किंमत उरायची ती किलोवर. भंगारवाला न्यायचा, वरचा थर धुऊन चांदी, आणि खालच्या पारदर्शक पट्टीच्या बांगड्या, बायकांच्या पर्सेस. कोणी दुष्टपणाने केलं नाही हे, आणि घरच्यांवर राग धरण्यातही अर्थ नाही. निर्मात्यांकडे गोदामाचं भाडं थकलेलं असायचं, आणि जुना सिनेमा पुन्हा कोणी बघेल असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं. टीव्ही नव्हता, व्हिडिओ नव्हता. एका माणसाला तेवढं वाटत होतं आणि त्याच्या हातात कायदा नव्हता. पुस्तक छापलं की प्रत द्यायची असा १९५४ चा कायदा आहे, सिनेमाला तसं बंधन नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या सिनेमांची प्रत येते, बाकी सगळं मागून, गाठून, दारात उभं राहून मिळवायचं.

४ मार्च

२०१६ ला आजच्या दिवशी पुण्यात नायर सर गेले. रिटायर झाल्यावर केरळला गेले होते पण परत पुण्यातच आले. २०१२ चा सेल्युलॉइड मॅन हा शिवेंद्रसिंग डुंगरपूर यांचा माहितीपट ग्रुपवर सगळ्यांना बघायला सांगितलाय, निदान पॅनल वाचून दाखवणाऱ्यांनी तरी बघावाच. कुठल्या सिनेमाच्या कितव्या रिळात कुठला प्रसंग आहे हे ते तोंडपाठ सांगायचे, थेटरात अंधारात टॉर्च लावून वहीत टिपणं काढायचे. बाकी आज काही काम नाही झालं.

१६ मार्च

मार्तंड वर्माचा पॅनल झाला, सगळ्यात आवडता झाला माझा.

१९३३ चा मल्याळम मूकपट, सी. व्ही. रामन पिल्लै यांच्या कादंबरीवरून. कादंबरीचे हक्क तिरुवनंतपुरमच्या एका प्रकाशकाकडे, ते कोर्टात गेले, सिनेमा बंद पडला आणि प्रिंट त्या प्रकाशकाकडेच आली. कमलालय बुक डेपो, पुस्तकाचं दुकान. १९७४ ला अर्काइव्हने ती तिथून मिळवली. म्हणजे चाळीस वर्षं एक सिनेमा पुस्तकांच्या दुकानात पडून होता आणि कोर्टात हरला म्हणून वाचला, कारण गावोगाव फिरला असता तर घासून घासून संपला असता आणि शेवटी भंगारात गेला असता. फिल्म जपणाऱ्यांच्या कामात हे असं खूप असतं असं मला आता वाटायला लागलंय, सिनेमा जिथे असायला हवा तिथे सापडत नाही, तो वारसांच्या माळ्यावर, वकिलाच्या कपाटात, लॅबच्या थकलेल्या बिलात अडकलेला असतो, म्हणून क्युरेटरला इतिहास माहीत असून भागत नाही, कुठल्या निर्मात्याने कोणाकडून कर्ज घेतलं होतं, कोणाचं कोणाशी भांडण होतं, कोण वारलं आणि मालमत्ता कोणाकडे गेली हे सगळं माहीत लागतं.

२४ मार्च

वाचनालयाच्या फलकावर आम्ही लिहिलं होतं की कोणाकडे जुनी पोस्टर, तिकिटं, पुस्तिका असतील तर दाखवा. सिन्नरकडचे एक आजोबा आले, त्यांच्या वडिलांची टुरिंग टॉकीज होती, जत्रांना तंबू लावायचे. पिशवीत बुकलेटं असतील असं वाटलं तर आजोबांनी टेबलावर फिल्मचे तीन गंजके डबे ठेवले. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर होते म्हणे, इतकी वर्षं.

सगळे लगेच उघडायला धावले. मी थांबवलं, कारण नुकतंच नायट्रेटचं सगळं वाचून झालंय आणि डोक्यात तेच आहे. १९५० च्या आसपासपर्यंतची ३५ एमएम फिल्म म्हणजे बहुतेक सेल्युलोज नायट्रेट, म्हणजे जवळपास बंदुकीच्या दारूचीच भावंडं. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या आतच असतो त्यामुळे एकदा पेटली की पाण्याखालीही जळते. कुजत चाललेली असेल तर चाळीस अंशाच्या आसपासच्या उष्णतेत बराच वेळ राहिली तरी आपोआप पेटू शकते, आणि सिन्नरला पत्र्याखाली एप्रिलमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहितीये. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच अर्काइव्हच्या नायट्रेट व्हॉल्टला आग लागून किती तरी रिळं गेली. डबे खाली व्हरांड्यात सावलीत ठेवले, आजूबाजूचे कागद हलवले, आजोबांना विचारून तिथेच ठेवून घेतले. आजोबा शांतपणे सगळं बघत होते, मग म्हणाले वडील पण विडी ओढू द्यायचे नाहीत मशीनपाशी.

२७ मार्च

दोन डबे उघडले, मोकळ्यावर, हातमोजे घालून. पहिल्याचं झाकण सरकवलं आणि व्हिनेगरचा असा झणका आला की डोळ्यात पाणी. म्हणजे अ‍ॅसिटेट, नायट्रेट नव्हे. ही फिल्म सहजासहजी पेटत नाही म्हणून तिला सेफ्टी म्हणतात, पण दमट उष्ण हवेत तिचं अ‍ॅसिड सुटतं, तो वास त्याचा, आणि एकदा सुरू झालं की ते अ‍ॅसिडच पुढची खराबी वाढवत जातं, फिल्म आकसते, वाकडी होते. कडेला भिंगाने सेफ्टी अशी अक्षरंही दिसली. नुसत्या अक्षरांवर भरवसा ठेवायचा नसतो, कारण कॉपी काढताना मूळ निगेटिव्हच्या कडेची अक्षरं कधीकधी सोबत छापून येतात, पण वास आणि अक्षरं दोन्ही जुळले तेव्हा जीव भांड्यात पडला.

प्रोजेक्टरवर लावायचा विषयच नाही, आकसलेली फिल्म दातांवर फाटेल. फूटभर नुसतं पांढऱ्या कागदासमोर धरून बघितलं. पहिल्यात एका तेलाची जाहिरात आणि तिला जोडलेला कुठल्याशा समारंभाच्या न्यूजरीलचा तुकडा, जोड हाताने केलेला, तंबूवाल्यांनीच केला असणार. दुसरा रंगीत, पौराणिक, सगळा गुलाबी पडलाय. ईस्टमनकलरच्या प्रिंटमध्ये निळसर रंग आधी उडतो आणि लाल उरतो, म्हणून अशा फिल्म थंडीत ठेवतात, २ अंशाच्या आसपास. टायटल नाही, सुरुवातीचा भाग तुटून गेलाय.

तिसऱ्याचं झाकण गंजून बसलंय, ते तसंच राहू दिलं.

पोरांपैकी एक म्हणाला, अरे जाहिरातच आहे, नुसती. मला वाटतं त्याच वाक्याला उत्तर म्हणून हे प्रदर्शन आहे.

६ एप्रिल

नायर सरांचा वाढदिवस. आज सगळं घ्यायचं या विचाराचा पॅनल लिहिला.

जगात या कामात दोन वाटा आहेत. पॅरिसला आँरी लांग्लुआ, सिनेमातेक फ्रांसेझवाला, त्याचं म्हणणं जे मिळेल ते ठेवा, आणि दाखवा. लंडनला अर्नेस्ट लिंडग्रेन, निवडून घ्या, नीट तपासा, प्रत जपा, मूळ प्रिंट सारखी सारखी चालवू नका. नायर सर लांग्लुआच्या बाजूचे, पण सरकारी नोकरीत राहून, रजिस्टर आणि मंजुऱ्या सांभाळून. उद्याच्या माणसाला काय महत्त्वाचं वाटेल ते आज ठरवणारे आपण कोण, हा त्यातला विचार. १९४८ चा कल्पना, उदय शंकर यांचा, तेव्हा तिकीटबारीवर चालला नाही. पण अर्काइव्हमध्ये तो होता, म्हणून पुढे इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये त्याचं रिस्टोरेशन झालं आणि २०१२ ला कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. १९४८ ला फक्त चाललेले सिनेमे ठेवायचे असं ठरलं असतं तर त्याच साली गाजलेला चंद्रलेखा राहिला असता आणि कल्पना गेला असता. मला दोन्ही पाहिजेत. मला ती तेलाची जाहिरात पण पाहिजे, त्यातल्या बाईची साडी, बाटलीचा आकार, बोलण्याची ढब, हे दुसरीकडे कुठे आहे.

सेक्रेटरी काकांनी वाचलं आणि म्हणाले हा पॅनल दारात लावा. त्यांच्याकडून हे आलं याचं फार बरं वाटलं.

१३ एप्रिल

प्रुफं. लांग्लुआचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं होतं, एक केलं.

हेग्गोडूचा पॅनल मोठा केला, आधी दोनच ओळी होत्या. कर्नाटकात सागर तालुक्यातलं खेडं, के. व्ही. सुब्बण्णांची निनासम ही नाट्यसंस्था, आणि तिथे शेतकरी, सुपारीच्या बागेत काम करणारी माणसं बसून पाथेर पांचाली, राशोमोन, बायसिकल थीव्ह्ज बघायची, प्रिंट पुण्याच्या अर्काइव्हमधून जायच्या. प्रोफेसर सतीश बहादूर आणि नायर सर सिनेमाचा रसास्वाद शिकवायला जायचे. नुसतं कोठार भरून कुलूप लावणाऱ्यातले ते नव्हतेच. इन्स्टिट्यूटच्या पोरांना रात्री-अपरात्री दाखवायचे, फिल्म सोसायट्यांना १६ एमएमच्या पेट्या पाठवायचे. परदेशी सिनेमे आपल्याकडे आले ते बरेचसे दुसऱ्या अर्काइव्हशी देवाणघेवाण करून, १९६९ पासून आपलं अर्काइव्ह फिल्म अर्काइव्हच्या आंतरराष्ट्रीय महासंघात आहे त्याचा इथे उपयोग झाला. आमच्यासारख्या गावोगावच्या सोसायट्या वाढल्या त्या या पेट्यांवर. सोसायटीतले जुने मेंबर सांगतात की स्टेशनवरून पेटी सोडवून आणायची, रात्री बघायची आणि सकाळी परत बुक करायची.

२१ एप्रिल

छपाईला गेलं. बॉम्बे टॉकीजचा फोटो फुटत होता, बदलला.

३ मे

उद्घाटन. कोणाला पाहुणा न बोलवता सिन्नरच्या आजोबांच्या हातून केलं. गर्दी चांगली होती, त्यात शाळेतली मुलं बरीच. वेगाच्या पॅनलपाशी आम्ही एकच तुकडा दोन वेगांत लॅपटॉपवर ठेवला होता, तिथून मुलं हलेनात. एका बाईंनी आलम आराचा पॅनल वाचून सांगितलं की त्यांच्या आजीकडे तसल्या बांगड्या होत्या, फिल्मच्या की कशाच्या ते आता कसं कळणार, पण त्या बराच वेळ तिथे उभ्या होत्या. एक गृहस्थ हरिश्चंद्र १९१३ चा नसेल हे वाचून चिडले, मी त्यांना नीट समजावून सांगितलं, शेवटी कालिया मर्दन बघूनच गेले.

११ मे

पॅनल उतरवले, गुंडाळले नाहीत, उभे ठेवलेत. दोन शाळांनी मागितलेत, आधी सिन्नरला जातील.

पुण्याच्या अर्काइव्हला डब्यांबद्दल कळवलंय, त्यांनी यादी मागितली आहे: किती एमएम, अंदाजे किती फूट, रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट, आवाजाची पट्टी आहे का, वास, आकसणं, बुरशी. दोन डब्यांचं भरलं. पौराणिकच्या रकान्यात नाव माहीत नाही असंच लिहिलंय, दोन प्रसंगांचं वर्णन दिलंय, त्यावरून कोणीतरी ओळखेल. जाहिरातीचा रकाना मी पूर्ण भरला, दिसलं तेवढं सगळं. तिसऱ्या डब्यापुढे फक्त "झाकण बसलेलं, उघडलेला नाही". आजोबांची सही घेतली, डबे देतायत, एवढंच म्हणाले की त्यात काय आहे ते कळलं की मला सांगा.

शनिवारी गाडी मिळतेय. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत पोचायला हवं, आणि वाटेत जेवायला थांबलो तर एकाने गाडीपाशी थांबायचं, डबे बंद गाडीत उन्हात ठेवायचे नाहीत.